पानकरस, बेनेडिक्टीन आणि तीन प्रयोग

‘प्रयोग’ हा शब्द मराठीत तीन घरी नांदतो. प्रयोगशाळेत तो परीक्षा असतो, रंगभूमीवर सादरीकरण असतो आणि व्याकरणाच्या पुस्तकात कर्ता, कर्म व क्रियापद यांच्यातील नात्याचे नाव असतो. समीक्षेने मात्र या तिन्ही घरांशी संबंध तोडून त्याचे चौथे बिऱ्हाड थाटले आहे. तेथे ‘प्रयोगशील’ हे निव्वळ शिफारसपत्र आहे. कवितेतली विरामचिन्हे काढली, कादंबरीतल्या प्रकरणांचा क्रम उलटा केला, की कृती प्रयोगशील ठरते. त्या उलथापालथीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला हा शब्द त्याच्या जुन्या तिन्ही घरी परत नेऊन सोडावासा वाटतो. त्यासाठी आम्ही जी वाट निवडली आहे, ती काही वाचकांना अनपेक्षित आणि काहींना आक्षेपार्हही वाटेल. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून जाते, आणि त्या ओट्यावर एक बाटली आहे. बाटलीत वनौषधी आणि मसाले मुरवलेले, मधाच्या छटेचे, गोड, फ्रेंच मद्य आहे. घरच्या घरी कॉकटेल करताना या मद्याचे काय करावे, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने गांभीर्याने घ्यावा, असे आमचे म्हणणे आहे.

हे विषयांतर आहे असे वाटण्यापूर्वी एका फार जुन्या ग्रंथाची आठवण करून दिली पाहिजे. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रसनिष्पत्तीचे विवेचन येते. तेथे भरताने दृष्टान्त आणला तो पाकशाळेतून. निरनिराळी व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून जसा रस निर्माण होतो, गुळासारख्या द्रव्यांपासून जशी षाडवादी मिश्रणे सिद्ध होतात, तसेच भावांच्या संयोगाचे आहे, असे तो सांगतो. पुढे अभिनवगुप्त आणि मम्मट यांच्या विवेचनात याच दृष्टान्ताला ‘पानकरसा’चे रूप आले. पानक पिताना गूळ वेगळा, मिरी वेगळी, आम्ल वेगळे, असा अनुभव येत नाही. या साऱ्यांहून निराळी, कोणत्याही एका घटकात न सापडणारी अशी एक अखंड चव जिभेवर उमटते. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचे रसात तसेच होते.

म्हणजे भारतीय काव्यशास्त्रातला एक अत्यंत प्रसिद्ध दृष्टान्त हा मुळात एका मिश्र पेयाचा दृष्टान्त आहे. आमच्या विद्यापीठांच्या उत्तरपत्रिकांतून तो वर्षानुवर्षे लिहिला जातो. मात्र तो लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने, आणि तपासणाऱ्या प्राध्यापकाने, एखादे पानक स्वतः घटक मोजून, प्रमाण बदलून, चाखून पाहिले आहे काय? दृष्टान्ताचे सामर्थ्य असे की तो ज्ञाताच्या आधाराने अज्ञात समजावतो. ज्ञाताचीच ओळख हरवली की विद्यार्थी एका अज्ञाताने दुसरे अज्ञात समजावू लागतो. रस, रुची, अभिरुची, आस्वाद, चर्वणा ही आमच्या समीक्षेची सारी परिभाषा जिभेची आणि दातांची आहे. ‘चर्वणा’ म्हणजे तर सरळ चघळणेच. हे शब्द आज आम्ही वापरतो ते झिजलेल्या नाण्यांसारखे. त्यांवरचा छाप पुन्हा दिसायचा असेल तर काहीतरी खरोखर चाखावे लागेल.

आता त्या बाटलीकडे वळू. लिक्युअर म्हणजे मद्यार्कात वनस्पती, साली, मुळे, मसाले मुरवून किंवा त्यांसह तो पुन्हा ऊर्ध्वपातित करून, नंतर साखर वा मध घालून केलेले मद्य. बेनेडिक्टीन हे या कुळातले एक नामांकित अपत्य. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतात फेकां नावाचे समुद्रकाठचे गाव आहे, तेथे ते तयार होते. त्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ४० असते. उत्पादकांच्या सांगण्याप्रमाणे त्यात २७ वनस्पती व मसाले आहेत. अँजेलिका, हिसॉप, जुनिपर, केशर, जायपत्री, दालचिनी, हिराबोळ अशी काही नावे ते उघड करतात. संपूर्ण कृती आणि प्रमाणे मात्र गुप्त ठेवतात.

या गुप्ततेभोवती एक कथा विणलेली आहे. १५१० मध्ये फेकांच्या बेनेडिक्टीन मठात दोम बेर्नार्दो विन्चेल्ली नावाच्या व्हेनिसच्या संन्याशाने एक संजीवक अर्क सिद्ध केला. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ मोडला, हस्तलिखिते पांगली. पुढे त्यांतले एक आलेक्सांद्र ल ग्रां या मद्यव्यापाऱ्याच्या हाती आले आणि त्याने १८६३ मध्ये तो अर्क नव्या रूपात बाजारात आणला, अशी ती कथा. बाटलीवर आजही ‘डी. ओ. एम.’ ही अक्षरे असतात. ‘सर्वोत्तम, सर्वश्रेष्ठ ईश्वराला’ अशा अर्थाच्या लॅटिन समर्पणाची ती आद्याक्षरे होत. ल ग्रांने गावात मद्यनिर्मितीसाठी गॉथिक आणि प्रबोधनकालीन शैलींचे मिश्रण असलेला एक प्रासादच उभारला. त्यासाठी त्याने काढवून घेतलेल्या जाहिराती आल्फोन्स मुखासारख्या चित्रकाराच्या हातच्या आहेत. आणि ज्यांनी त्याच्या मद्याच्या नकला केल्या, त्यांच्याविरुद्ध तो हिरिरीने न्यायालयात गेला. त्या नकली बाटल्या आज त्याच प्रासादात मांडून ठेवलेल्या आहेत.

विन्चेल्लीची ही कथा विक्रीसाठी रचलेली असावी, असेच बहुतेक जाणकार मानतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात धक्का बसण्याजोगे काही नाही. ‘सापडलेले हस्तलिखित’ ही आपल्या ओळखीची क्लृप्ती आहे. सर्वान्तेसने १६०५ मध्ये ‘दोन किखोते’ची कथा एका अरब इतिहासकाराच्या नावावर घातली. होरेस वॉलपोलने १७६४ च्या अखेरीस ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ एका जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर म्हणून छापली. उम्बेर्तो एकोच्या १९८० च्या ‘द नेम ऑफ द रोझ’चा प्रारंभ तर एका बेनेडिक्टीन संन्याशाच्याच हस्तलिखिताने होतो. फरक एवढाच की कादंबरीकाराची बतावणी वाचकाला कळावी यासाठी असते, आणि व्यापाऱ्याची ग्राहकाला कळू नये यासाठी.

तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कथेतले १५१० हे वर्ष खरे असो वा कल्पित, बाटलीतला भूगोल कल्पित नाही. वेलदोडा सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रानांतला, दालचिनी सिंहलद्वीपाची, जायपत्री मोलुक्काच्या बेटांवरची. हा माल व्हेनिसमार्गे युरोपात पोचत असे, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी नेमकी त्याच्या वाटांची मालकी बदलत होती. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा कायमचे जिंकले. व्हेनिसचा संन्यासी नॉर्मंडीत बसून पूर्वेचे मसाले अर्कात घालतो आहे, ही कल्पना ज्याने रचली त्याला आपण कोणते वर्ष निवडले याचे पूर्ण भान होते की नाही, हे ठरवण्याची गरज नाही. फ्रान्समधली बाटली उघडताना मराठी माणसाला तिच्यात घरचा मसाल्याचा डबा ओळखू येतो, याचे कारण जाहिरातीत नसून व्यापाराच्या इतिहासात आहे.

आता प्रश्न असा की उगमाची कथा खोटी निघाली, तर चवीचे काय होते? याचे उत्तर वादविवादाने देण्यापेक्षा एका पेल्याने देता येते, आणि येथेच आमचा मुख्य मुद्दा सुरू होतो. फ्रान्समध्येच दुसरे एक वनौषधी मद्य आहे, शार्त्रूझ. ते खरोखरच कार्थुझियन संन्याशांचे आहे. परंपरेप्रमाणे १६०५ मध्ये त्यांना त्याचे हस्तलिखित मिळाले. १३० वनस्पतींची ती कृती आजही संन्याशांच्याच हाती आहे, आणि प्रार्थनेला वेळ उरावा म्हणून त्यांनी २०२१ मध्ये उत्पादन न वाढवण्याचा निर्णय घेतला. एक मद्य संन्याशांचे, दुसरे संन्याशाची कफनी पांघरलेल्या व्यापाऱ्याचे. या दोघांना जॉर्ज कॅप्लर या अमेरिकी मद्यमिश्रकाने १८९५ च्या आपल्या पुस्तकात एका पेल्यात बसवले. पेयाचे नाव ‘विडोज किस’. दोन भाग सफरचंदाची ब्रँडी, एक भाग पिवळी शार्त्रूझ, एक भाग बेनेडिक्टीन, आणि अँगोस्तुरा बिटर्सचे दोन शिंतोडे. ते चाखताना खरी कफनी कोणती आणि उसनी कोणती, हे जीभ सांगू शकत नाही. जीभ एवढेच सांगते की दोघेही येथे आवश्यक आहेत. एकाला काढले तर दुसरा उघडा पडतो.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की उगम निरर्थक आहे, लेखक मेला आहे, उरली ती केवळ संहिता. आम्ही तितक्या घाईने तेथवर जाणार नाही. उगमाची कथा चव बदलत नाही; मात्र चाखणाऱ्याची भीड वाढवते. ४०० वर्षांचे रहस्य म्हटले की सामान्य माणूस त्यात लिंबू पिळायला कचरतो. अभिजात ग्रंथापुढे बुजलेल्या विद्यार्थ्यासारखी त्याची अवस्था होते. ही भीड मोडण्याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या बर्नली या खाणकामगारांच्या गावाचे आहे. पहिल्या महायुद्धात नॉर्मंडीत राहिलेल्या लँकाशायरच्या सैनिकांना या मद्याची गोडी लागली. गावी परतल्यावर ते त्यात सरळ गरम पाणी घालून पिऊ लागले. बर्नलीचा खाणकामगारांचा क्लब हा या मद्याचा जगातला एक सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणून नावारूपाला आला. प्रासाद बांधणाऱ्या ल ग्रांच्या मनात हा वाचक नसावा. पण संहितेला नवे आयुष्य दिले ते त्याने.

गरम पाणी घालणे हा प्रयोग आहे काय? आमच्या मते आहे, कारण त्यामागे प्रश्न आहे. थंड, दमट खाणीतून आलेल्या माणसाला हे पेय कसे उपयोगी पडेल, असा तो प्रश्न. आणि मिळालेले उत्तर टिकाऊ ठरले. उलट, हाती येईल त्या पाच बाटल्यांतले थोडेथोडे एका पेल्यात ओतून वर पुदिन्याचे पान ठेवणे, याला आम्ही प्रयोग म्हणणार नाही. त्यातून काही कळत नाही. पेय बिघडले तर कशाने बिघडले हे सांगता येत नाही, आणि जमले तर पुन्हा जमवता येत नाही. मराठी साहित्यातल्या प्रयोगशीलतेचा बराच भाग या पुदिन्याच्या पानाच्या जातीचा आहे, असे म्हटले तर अनेक मित्र रागावतील. पण राग येणे आणि म्हणणे खोटे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरगुती प्रयोगकर्त्याचा कुलपुरुष म्हणून डेव्हिड एम्बरी याचे नाव घ्यावे लागेल. हा न्यूयॉर्कमधला वकील. मद्यगृहाच्या फळीमागे त्याने कधी नोकरी केली नाही. १९४८ मध्ये त्याने ‘द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स’ हा ग्रंथ लिहिला तो हौशी माणसाच्या अधिकाराने. त्याने शेकडो कृती पाठ करण्याऐवजी रचना समजून घेण्यावर भर दिला. पेयात एक आधारद्रव्य असते, एक त्याला वळण देणारे असते, आणि एक रंग वा विशेष स्वाद देणारे असते, असे त्याचे विश्लेषण आहे. संरचनावादी समीक्षेचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. तथापि आमच्याकडे याहून जुनी आणि नेमकी परिभाषा तयार आहे. शाळेत आपण सर्वांनी ती घोकली आहे. कर्तरी, कर्मणी आणि भावे, हेच ते तीन प्रयोग.

कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. ‘मॉन्टे कार्लो’ हे पेय पाहा : ६० मिलिलिटर राय व्हिस्की, १५ मिलिलिटर बेनेडिक्टीन, अँगोस्तुराचे दोन शिंतोडे, बर्फावर ढवळून गाळायचे. येथे कर्ता व्हिस्की आहे. चवीचे लिंग, वचन, पुरुष सारे तीच ठरवते. बेनेडिक्टीनचे काम क्रियाविशेषणाचे : क्रिया कशी घडली एवढेच ते सांगते. १९३० च्या ‘सॅव्हॉय कॉकटेल बुक’मध्ये हॅरी क्रॅडकने दिलेला ‘बॉबी बर्न्स’ याच वर्गातला. तेथे स्कॉच आणि गोड व्हर्मूथ समसमान, आणि बेनेडिक्टीनचे केवळ तीन शिंतोडे. एवढ्याशा प्रमाणात त्याचा गोडवा जाणवतही नाही. व्हिस्कीच्या धुरकट स्वराला किंचित मसाल्याची किनार तेवढी येते.

कर्मणी प्रयोगात कर्त्याला ‘ने’ हा प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्माच्या आज्ञेत जाते. रामाने आंबा खाल्ला. खाणारा राम, पण क्रियापदाची सूत्रे आंब्याच्या हाती. याच पुस्तकातले ‘क्रिसँथेमम’ नेमके असे आहे : दोन भाग कोरडे व्हर्मूथ, एक भाग बेनेडिक्टीन, अ‍ॅब्सिंथचे तीन शिंतोडे. पेल्यात दोन तृतीयांश जागा व्हर्मूथने व्यापली आहे, सारी मेहनत त्याची आहे. पण चव विचाराल तर ती बेनेडिक्टीनची. व्हर्मूथ त्याचा गोडवा सौम्य करते, त्याच्यातल्या वनस्पती एकेक करून पुढे आणते आणि स्वतः ‘ने’ लावून मागे सरते. परिमाण आणि सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्याकरण आपल्याला केव्हापासून सांगत आले आहे. कथेत सर्वाधिक पाने व्यापणारे पात्र कथेचे नियंत्रण करतेच असे नाही, हा कथनमीमांसेतला मुद्दाही याहून निराळा नाही.

राहिला भावे प्रयोग. रामाने रावणास मारले. येथे क्रियापद रामाचेही ऐकत नाही, रावणाचेही नाही. ते तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहून क्रियेचा भाव तेवढा सांगते. वर सांगितलेला ‘विडोज किस’ हा भावे प्रयोग आहे. सफरचंदाची ब्रँडी, शार्त्रूझ, बेनेडिक्टीन यांपैकी कोणाचेही नाव त्या चवीला देता येत नाही. ती चव या साऱ्यांमुळे आहे आणि यांपैकी कोणाचीच नाही. अभिनवगुप्त-मम्मटांना पानकरसात जे दिसले ते हेच. रसनिष्पत्ती हा काव्याचा भावे प्रयोग आहे, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. शब्दाच्या योगायोगावर सिद्धान्त उभारू नये हे मान्य करूनही तो मोह आम्ही आवरणार नाही, कारण या रूपकाची परीक्षा घेता येते. घटक एकेक करून काढून पाहावेत. कर्तरी पेयातून बेनेडिक्टीन काढले तर व्हिस्की उरते, थोडी बोडकी. कर्मणी पेयातून व्हर्मूथ काढले तर बेनेडिक्टीन उरते, थोडे जड. भावे पेयातून काहीही काढले तर ते पेय उरतच नाही. उत्तम कवितेतून एक ओळ काढून पाहण्याची जी कसोटी आपण वर्गात वापरतो, तीच ही.

या परीक्षेला काही शिस्त लागते, आणि आमच्या मते प्रयोग या शब्दाची सारी प्रतिष्ठा त्या शिस्तीत आहे. पहिला नियम : मिसळण्यापूर्वी मूळ मद्य नुसते, चमचाभर, खोलीच्या तापमानाला चाखावे. मूळ संहिता न वाचता तिचे विडंबन करू नये, तसे हे आहे. दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ‘मॉन्टे कार्लो’मधले बेनेडिक्टीन १५ मिलिलिटरवरून साडेसातवर आणले, बाकी काही हलवले नाही, तेव्हा मधाचा गोडवा मागे सरला आणि इतका वेळ त्याच्या आड असलेली कडसर, बोळासारखी छटा पुढे आली. गोडवा हा नेहमी स्वाद वाढवतो असे नाही. तो काही स्वाद झाकतो, हे त्या एका बदलाने शिकवले. तिसरा नियम : मोजावे आणि लिहून ठेवावे. ‘अंदाजे’ हा शब्द हात बसलेल्या सुगरणीला शोभतो; शिकणाऱ्याला शोभत नाही.

दुसऱ्या नियमाचे महत्त्व स्थानिक पर्याय शोधताना विशेष जाणवते. बेनेडिक्टीनमध्ये लिंबाचा रस आणि सोडा घालणे ही सोपी, जुनी युक्ती आहे. लिंबाऐवजी कोकम घालून पाहावे, असे कोणाही मराठी माणसाच्या मनात येईल. पण कोकमाचे आगळ घातले तर आम्लाबरोबर लवणही येते, कारण आगळात मीठ असते. बदल एक वाटला, झाले दोन. मग चवीत जो फरक पडला तो कोकमाचा की मिठाचा? हा भाषांतराचा प्रश्न आहे. परभाषेतल्या शब्दाला आपण जो देशी प्रतिशब्द देतो, तो आपल्याबरोबर आपला संसार घेऊन येतो. त्याला नाकारण्याचे कारण नाही. मात्र कोणता भाग मूळ शब्दाचा आणि कोणता त्या संसाराचा, हे भाषांतरकाराला ठाऊक हवे. तेव्हा आगळाच्या पेल्याशेजारी लिंबू आणि चिमूटभर मीठ घातलेला दुसरा पेला ठेवावा. दोन्ही चाखले की कोकमाचे स्वतःचे असे काय आहे, ते वेगळे काढता येते. तौलनिक साहित्याभ्यास यापेक्षा फार निराळे काही करीत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप असा की परदेशी बाटलीचा हा लाड आहे. आपल्या मातीत असे काही नव्हते काय? होते, आणि आहे. गोव्यात काजूच्या फेणीत दुकशिरीची, म्हणजे उपळसरीची, मुळे मुरवतात. दुकशिरी फेणी हे वनौषधी मद्यच आहे. तिच्यामागे ना संन्यासी, ना हस्तलिखित, ना प्रासाद. कोणती मुळी घातली ते सर्वांना ठाऊक असते. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो रहस्याबद्दल नव्हे, तर सर्वज्ञात अशा स्थानिक पद्धतीबद्दल. रहस्यकथेवाचूनही चव समृद्ध असू शकते, याचा पुरावा म्हणून दुकशिरीला आमच्या युक्तिवादात मानाचे स्थान आहे. ज्यांच्या हाताशी ती असेल त्यांनी बेनेडिक्टीनसाठी खोळंबू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला विनोदाने उत्तर देणे आम्ही असभ्य मानतो. महाराष्ट्रात बाटलीचा अर्थ सर्व घरांत एक नाही. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे की नाही यासाठी येथे मतदान होते, आणि मतपत्रिकेवर चिन्हे असतात ती उभ्या आणि आडव्या बाटलीची. आडव्या बाटलीसाठी गावोगावच्या बायकांनी लढे दिले आहेत. त्यांच्या लेखी बाटली म्हणजे मारहाण, उधारी आणि रिकामा डबा. त्या संहितेचे वाचन त्यांनी आमच्यापेक्षा अधिक जवळून केले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, हेही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा मद्यपान ही सुसंस्कृततेची खूण आहे, अशी जी एक धारणा शहरी साहित्यवर्तुळांत अलीकडे रुजली आहे, तिच्याशी आमचे काही देणेघेणे नाही. पूर्वीचे साहित्यिक चोरून पीत आणि आताचे मिरवून पितात, यात प्रगती कोणती? दोन्ही वेळा लक्ष पेल्याकडे नसते. लोक आपल्याविषयी काय म्हणतील याकडे असते.

आमचा आग्रह पिण्याचा नसून चाखण्याचा आहे, आणि चाखणे ही मद्याची मिरास नाही. ज्याला मद्य वर्ज्य आहे, त्याने हाच सारा अभ्यास पन्ह्यावर करावा. चैत्रात घरोघर होणारे कैरीचे पन्हे हा पानकाचा आजचा वारस आहे. गूळ, कैरीचा गर, वेलदोडा, केशर, मीठ, हवी तर मिरी. आम्ल, मधुर, लवण, कटू यांचा मेळ त्यात तयारच आहे. गूळ वाढवला की कर्तरी, कैरीने सूत्रे घेतली की कर्मणी. आणि कुठल्या तरी एका प्रमाणात, जे प्रत्येकाला स्वतःच शोधावे लागते, गूळही नाही आणि कैरीही नाही अशी ती तिसरी चव. तीन नियम तेच, कसोटीही तीच.

भाषेचा प्रश्न मग आपोआप समोर येतो. चाखलेले लिहून ठेवायला बसले की आपल्याजवळचे शब्द किती थोडे वापरात आहेत ते कळते. ‘छान’ आणि ‘वेगळीच चव’ यापुढे वाक्य सरकत नाही. आस्वादक समीक्षेचा पुष्कळसा मजकूर अशाच दोन-तीन शब्दांवर उभा असतो. फक्त तेथे ‘छान’ला ‘प्रत्ययकारी’ म्हणतात. वास्तविक तुरट, कडसर, आंबूस, खमंग, उग्र, दरवळता, रेंगाळणारा, घशाशी लागणारा, जिभेच्या कडांना जाणवणारा असे शब्द मराठीत मुबलक आहेत. वापरणाऱ्याला आधी तो फरक जाणवावा लागतो, एवढेच. एका पेल्यातले दोन स्वाद वेगळे ओळखून त्यांना दोन वेगळी नावे देण्याची सवय ज्याला लागली, तो एका कवितेतल्या दोन सुरांनाही एकाच विशेषणाखाली कोंबणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

म्हणून शेवटी एक सूचना करतो. काव्यशास्त्राच्या वर्गात पानकरसन्याय शिकवण्याच्या दिवशी प्राध्यापकांनी तीन भांड्यांत तीन प्रमाणांचे पन्हे करून न्यावे. भांड्यांवर क्रमांक लिहावेत, प्रमाणे लिहू नयेत. विद्यार्थ्यांनी चाखावे, प्रत्येक भांड्याविषयी दोन वाक्ये लिहावीत आणि मग मम्मटाचे पुस्तक उघडावे. तासाभराचे काम आहे. त्यानंतर उत्तरपत्रिकेत ‘अखंड आस्वाद’ हे शब्द येतील, तेव्हा तपासणाऱ्याने समासात लिहावे : कोणत्या भांड्यात?